उशाशी गिरणी

परवा रविवारी माळा आवरायला काढला. (म्हणजे बायकोने काढायला लावला, पण ते असो.) आकाशकंदिलाचा सांगाडा, बिनझाकणाचा प्रेशर कुकर, इंजिनिअरिंगच्या झेरॉक्स नोट्स... आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा. वर काळा पंखा, त्याचं एक पातं तुटलेलं. मुलीने विचारलं, "बाबा, ही किसणी आहे का?"

किसणी नाही, माझ्या पहिल्या पीसीचा हीटसिंक. घरात त्याचं नाव होतं 'गिरणी'. नाव आजीने ठेवलेलं.

२००५ सालची गोष्ट. नोकरी लागून वर्ष झालेलं, खिशात थोडे पैसे खुळखुळायला लागलेले. तपकीर गल्लीत तीन शनिवार घालवून पार्ट जमवले आणि पीसी असेंबल केला. प्रोसेसर कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीपेक्षा माझा हात जास्त होता. सदाशिव पेठेतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वैपाकघर. मोकळा प्लग बाहेरच्या खोलीत, म्हणून पीसी तिथे. आजीची कॉटही तिथेच. म्हणजे कॅबिनेट बरोब्बर तिच्या उशाशी.

पहिल्या रात्री मशीन चालू केलं आणि आजी म्हणाली, "अरे, ही पिठाची गिरणी कुठून आणलीस?" सगळे हसलो. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "मी आपली स्वैपाकघरात पडते हो, तिथे जरा ऊब असते." मी म्हटलं बरं. महिना एप्रिलचा होता. पुण्यात एप्रिलमध्ये कुणाला ऊब लागते हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही! तो पडायला दोन महिने लागले, तेही आई एकदा चिडून बोलली तेव्हा.

मग मी त्या आवाजाच्या मागे लागलो. सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरने झाली आणि शेवट इतिहासाच्या वाचनात. तो इतिहास मला इतका आवडला की आजचा वीकेंड त्यालाच देतो.

आधी मूळ मुद्दा. मिक्सरला वीज दिली की चटणी मिळते, पंख्याला दिली की वारा. प्रोसेसरला १०० वॅट दिले तर काय मिळतं? उत्तरं मिळतात, पण उत्तराला वजन नसतं की गती नसते. त्यामुळे ते १०० वॅट जवळजवळ सगळेच्या सगळे उष्णता बनून बाहेर पडतात. ऊर्जेच्या हिशोबात कॉम्प्युटर म्हणजे चक्क एक हीटर. मधल्या मधे तो आपलं काम करून देतो, एवढंच!

आता ही उष्णता हवेत सोडायची तर हवा हलवायला हवी, आणि हलणारी हवा आवाज करते. सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. आणि ते पीसीच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

१९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक जगाला दाखवला गेला. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो खात होता जवळपास १५० किलोवॅट. प्रत्येक ट्यूब म्हणजे एक छोटा तापलेला दिवा. मशीन भाजून निघू नये म्हणून मोठमोठे ब्लोअर लावावे लागले. या प्रश्नावर चांगला ब्लोअर हे उत्तर ठरलं नाही. उत्तर ठरला ट्रान्झिस्टर. त्याला तापलेली तारच लागत नव्हती. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ट्यूब मागे पडल्या आणि उष्णतेचा प्रश्न मिटला.

म्हणजे मिटला असं वाटलं. वेगाची भूक वाढतच गेली. त्या काळी जोरात पळणारे ट्रान्झिस्टर म्हणजे बायपोलर जातीचे, आणि ते काम नसतानाही वीज पीत बसत. १९७६ मध्ये सेमोर क्रे यांचं पहिलं क्रे-१ लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेलं. वजन पाच टनांच्या वर आणि वीज सुमारे ११५ किलोवॅट. ही उष्णता पंख्याने हलणारी नव्हतीच, म्हणून आत फ्रिजसारखं फ्रिऑन फिरवलं होतं. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किटं थेट एका द्रवात बुडवून ठेवली होती. (द्रव अर्थात वीज न वाहणारा!) आयबीएमचे मोठे मेनफ्रेमही पाण्यावर चालत... म्हणजे थंड होत. तेव्हाच्या मोठ्या कॉम्प्युटर रूममध्ये प्रोग्रामरइतकंच प्लंबरलाही काम असणार.

इथेही सुटका नव्या पंपाने केली नाही. सुटका केली सीमॉसने. या जातीचा ट्रान्झिस्टर मुख्यतः शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतानाच वीज घेतो, नुसता उभा असताना जवळजवळ नाही. आयबीएमने १९९४ मध्ये मेनफ्रेमसाठी सीमॉस चिप आणल्या. त्या सुरुवातीला जुन्या बायपोलर मशीनपेक्षा हळू होत्या, पण त्यांना पाणी लागत नव्हतं, हवा पुरत होती. काही वर्षांत त्यांनी वेगातही जुन्यांना गाठलं.

हे दोनदा झालं, हे लक्षात ठेवा. तिसरी वेळ आपल्या टेबलाखालची आहे.

पीसीचं बालपण अगदी शांत होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीत पंखा होता, पण तो पॉवर सप्लायचा. प्रोसेसर बिचारा उघडाबोडका बसलेला असे. ३८६ पर्यंत चिपच्या डोक्यावर काही ठेवायची गरजच नव्हती. ज्यांनी ती मशीन वापरली त्यांना आठवत असेल, आवाज यायचा तो हार्ड डिस्कचा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा.

या काळातला शांततेचा सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे स्टीव्ह जॉब्स. त्यांना पंखा मुळी सहनच होत नसे. १९७७ च्या ॲपल टू साठी रॉड होल्ट यांनी कमी तापणारा स्विचिंग पॉवर सप्लाय केला आणि पंखा टळला. हट्ट तिथे फळाला आला, कारण उष्णताच कमी निर्माण होत होती. १९८० च्या ॲपल थ्री मध्ये मात्र हट्ट तोच आणि आतली गर्दी जास्त. पंखा नाही, हवेला वाट नाही, सगळी भिस्त ॲल्युमिनियमच्या जाड तळावर. चिप सॉकेटमधून सैल व्हायच्या. त्यावर कंपनीने दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे: मशीन दोन-तीन इंच उचला आणि खाली सोडा! दणक्याने चिप परत जागेवर बसते म्हणे. (आमच्याकडे जुन्या टीव्हीला थप्पड मारायचे, तसलाच प्रकार.) उष्णता नुसत्या हट्टाने जात नाही, हा त्यातला धडा.

पीसीच्या चिपवर हीटसिंक आणि पंखा दिसायला लागला तो ४८६ च्या वेगवान आवृत्त्यांपासून, म्हणजे १९९२ च्या आसपास. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा आणि ६६ मेगाहर्ट्झला १६ वॅटपर्यंत खायचा. तेव्हा हा आकडा भयंकर वाटला होता. पुढच्याच वर्षी ३.३ व्होल्टवरचा पेंटियम आला. तो १०० मेगाहर्ट्झला पळायचा, आणि तरीही खायचा साधारण १० वॅट. वेग दीडपट आणि उष्णता कमी! कसं काय?

इथे थोडं गणित करू, घाबरू नका. सीमॉस चिपची वीज साधारण दोन गोष्टींवर ठरते, वेग आणि व्होल्टेज. वेग दुप्पट तर वीज दुप्पट. पण व्होल्टेजचा होतो वर्ग. ५ चे ३.३ व्होल्ट केले की वीज निम्म्याच्याही खाली येते. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी याचा नियमच मांडला होता: ट्रान्झिस्टर सगळ्या बाजूंनी लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागची उष्णता तेवढीच राहते आणि वेग मात्र फुकटात वाढतो. जवळजवळ तीस वर्षं आपला अख्खा धंदा या फुकटच्या जेवणावर जगला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळे जण गिगाहर्ट्झच्या मागे सुटले. २००० साल उजाडताच इंटेल आणि एएमडी दोघांनीही एक गिगाहर्ट्झ गाठला. जाहिरातीत एकच आकडा मोठ्या टायपात. आपण तरी काय वेगळे होतो? तपकीर गल्लीत मीही पहिला प्रश्न तोच विचारला, "किती गिगाहर्ट्झ?" किती वॅट हे विचारायचं मला सुचलंच नाही.

सावधगिरीचे इशारे मिळत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत मांडणी केली, की हे असंच चाललं तर चिपमधली उष्णतेची घनता दशकाच्या मध्यावर अणुभट्टीइतकी, मग रॉकेटच्या नळकांड्याइतकी आणि २०१५ पर्यंत सूर्याच्या पृष्ठभागाइतकी होईल. त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअरने एक व्हिडिओ केला आणि तो जगभर फिरला. चालू मशीनचा हीटसिंक गेम खेळता खेळता काढायचा! पेंटियम ४ ने आपला वेग उतरवला आणि रडतखडत का होईना, गेम चालू ठेवला. ॲथलॉनमधून मात्र धूर निघाला. पेंटियम ४ मध्ये तापमान मोजून स्वतःला आवर घालायची सोय होती. आज ती प्रत्येक प्रोसेसरमध्ये असते.

आणि मग २००४ च्या फेब्रुवारीत आला प्रेस्कॉट. पेंटियम ४ चा नवा अवतार, ९० नॅनोमीटरचा. आधीच्या पेंटियम ४ मध्ये सूचना २० टप्प्यांतून जायची, यात टप्पे केले ३१. हेतू हा, की प्रत्येक टप्प्यात थोडंच काम ठेवलं की घड्याळ जोरात पळवता येईल. पण डेनार्डचा नियम नेमका याच सुमाराला मोडत होता. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायची, नळ बंद करूनही थेंब थेंब गळावा तशी. असे साडेबारा कोटी नळ! आणि व्होल्टेज अजून उतरवायचं तर गळती आणखी वाढणार. ३.४ गिगाहर्ट्झच्या प्रेस्कॉटचा उष्णतेचा आकडा होता १०३ वॅट, आणि चिपचं क्षेत्रफळ ११२ चौरस मिलिमीटर. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेत १०३ वॅट. घरातल्या १००० वॅटच्या इस्त्रीशी तुलना करा. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला येतात ५ वॅट. इथे येतात ९२!

मे २००४ मध्ये इंटेलने याचा पुढचा भाऊ, टेहास, जन्माआधीच रद्द केला. ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द झाला. त्याच महिन्यात ऑरलँडोच्या एका परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट स्टेजवर गुडघे टेकून बसले आणि त्याबद्दल माफी मागितली. गमतीतच, पण मागितली. मला आपल्या क्षेत्राच्या इतिहासातला हा प्रसंग फार आवडतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या चिप कंपनीला गुडघ्यावर आणलं कुणी, तर उष्णतेने.

आता परत सदाशिव पेठेत येऊ.

आईने चिडून सांगितलं तेव्हा कळलं की आजीला स्वैपाकघरात झोपच लागत नाही. जमिनीवर झोपून कंबर धरते. मी रात्री दोनला मशीन बंद केलं की तो आवाज थांबल्याचं तिला आतपर्यंत कळतं, आणि मग कुठे तिचा डोळा लागतो. मला एकदम शरमल्यासारखं झालं. मी त्या मशीनवर काय करत होतो म्हणाल तर अर्धा वेळ कोड आणि अर्धा वेळ गेम.

पहिला उपाय अगदी टिपिकल केला. कॅबिनेटची बाजूची पत्री काढली आणि टेबलफॅन समोर लावला. मशीन थंड, आवाज दुप्पट. घरचे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती अजून आठवते.

दुसरा उपाय: हीटसिंक काढून साफ केला. पात्यांच्या मध्ये धुळीची अक्षरशः गोधडी बसलेली. उन्हाळ्यात मशीन मधूनच बंद का पडायचं ते तेव्हा कळलं. हिशोब सोपा आहे. समजा हीटसिंक वॅटमागे ०.४ अंश तापतो. १०० वॅटला झाले ४० अंश, पण ते खोलीच्या तापमानावर! थंडीत खोली २२ अंशांवर असेल तर चिप ६२ ला, मेमधल्या ३८ अंशांत ७८ ला. त्यात ही गोधडी पांघरली की संपलंच.

साफ करून थर्मल पेस्ट लावली. ब्रेडला लोणी लावतात तशी, सढळ हाताने. तापमान उलट वाढलं! पेस्टचं काम काय ते समजून न घेतल्याचा परिणाम. चिपचा माथा आणि हीटसिंकचा तळ दिसायला गुळगुळीत असले तरी सूक्ष्म खड्ड्यांनी भरलेले असतात. खड्ड्यांत हवा असते आणि तांबं हवेपेक्षा सुमारे १५ हजार पट चांगलं उष्णता वाहून नेतं. पेस्टने फक्त ते खड्डे भरायचे. ती हवेपेक्षा पुष्कळ बरी, पण धातूपेक्षा पुष्कळ वाईट. जाड थर दिला की तीच भिंत होऊन बसते. तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, हे ज्ञान मला अर्धी ट्यूब संपल्यावर झालं :)

तिसरा उपाय मात्र लागू पडला. कारण तोवर मी वाचायला लागलो होतो. माझ्या पंख्याला सात पाती आणि मिनिटाला ३००० फेरे. म्हणजे सेकंदाला ३५० वेळा एक पातं समोरच्या कडेवरून जाणार. ३५० हर्ट्झ म्हणजे पेटीवर साधारण पांढरी चार. माझं मशीन रात्रभर पांढरी चारमध्ये एकच सूर धरून बसलेलं असे! नुसत्या वाऱ्याच्या सुस्काऱ्याची कानाला सवय होते, पावसाच्या आवाजात आपण झोपतोच की. पण असा एक बारीक, न संपणारा सूर मेंदू सोडत नाही. आजीला ते न शिकता कळलं होतं.

पंख्यांचा कायदा मोठा उदार आहे. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवावा. ८० ऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला की क्षेत्रफळ सव्वादोन पट. मी १२० चा आणला आणि एक जुगाड केला. पॉवर सप्लायच्या पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट असतात, लाल वायरीवर ५. पंख्याची काळी वायर लालला जोडली, की पंख्याला मिळतात मधले ७ व्होल्ट. बिचारा हळूहळू, गुपचूप फिरतो.

कूलरही नवा घेतला, हीटपाइपवाला. ही हीटपाइप म्हणजे मला अजूनही जादू वाटते. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. हीटपाइपमध्ये तेच, फक्त पाणी बाहेर जात नाही. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढलेली, थोडंसं पाणी. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती गार टोकाकडे धावते, तिथे परत पाणी होते आणि आतल्या जाळीतून वातीसारखं चढत मागे येते. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. १९४४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गॉगलर यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं होतं, ते फ्रिजसाठी. मग ती पडून राहिली. १९६३ मध्ये लॉस अलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे शोधली, अंतराळयानांसाठी. चाळीस वर्षांनी ती माझ्या टेबलाखाली आली.

एवढं सगळं करून आवाज बराच कमी झाला. पण मशीन खरं शांत झालं ते एका सेटिंगमुळे, आणि त्यामागे इतिहासाचा तो तिसरा फेरा आहे.

या शर्यतीत गिगाहर्ट्झच्या मागे न लागलेली काही माणसं होती. इस्रायलमध्ये हैफाला इंटेलची एक टीम लॅपटॉपसाठी चिप करत होती. लॅपटॉपला बॅटरी मोजकी, त्यामुळे त्यांना प्रत्येक वॅटचा हिशोब द्यावा लागायचा. त्यांचा पेंटियम एम मार्च २००३ मध्ये आला. १.६ गिगाहर्ट्झ, २५ वॅटच्याही आत, आणि कामात कितीतरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला तोडीस तोड. त्याच वर्षी एएमडीने ॲथलॉन ६४ मध्ये 'कूल अँड क्वाएट' नावाची सोय दिली. काम नसलं की वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवायचे. समजा २ गिगाहर्ट्झ आणि १.४ व्होल्टवरून १ गिगाहर्ट्झ आणि १.१ व्होल्टवर आलात. वेग निम्मा, व्होल्टेजच्या वर्गाने आणखी कपात, वीज तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि टाइप करताना प्रोसेसर बहुतेक वेळ आपल्या पुढच्या अक्षराची वाट बघतच बसलेला असतो! माझ्या मशीनमध्येही तशी सोय होती. नुसती बंद होती. ती चालू करायला मला पंधरा सेकंद लागले आणि ती आहे हे कळायला चार महिने.

जून २००५ मध्ये जॉब्स यांनी ॲपल इंटेलकडे जात असल्याचं जाहीर केलं तेव्हा कारण दिलं वॅटमागे मिळणाऱ्या कामाचं. त्यांच्या पॉवर मॅक जी-५ मध्ये तोवर नऊ पंखे झाले होते आणि एका मॉडेलमध्ये पाणी फिरवावं लागत होतं. पंख्याचा तिरस्कार करणाऱ्या माणसाच्या मशीनमध्ये नऊ पंखे! जुलै २००६ मध्ये हैफाच्या घराण्यातला कोअर टू ड्युओ डेस्कटॉपवर आला. वेग कागदावर कमी, काम कितीतरी जास्त, आकडा ६५ वॅट. गिगाहर्ट्झची शर्यत तिथे संपली.

तिन्ही वेळा तेच. ट्यूब, बायपोलर, प्रेस्कॉट. आधी ब्लोअर मोठा केला, मग नळ फिरवले, आणि शेवटी खरं उत्तर एकच निघालं: उष्णता कमी निर्माण करा. पंखा हा उपाय नसून कर्ज आहे, आणि त्याचं व्याज शेजारी झोपणाऱ्याने भरायचं.

सेटिंग चालू केलं त्या रात्री मी नेहमीसारखा काम करत बसलो होतो. आजी स्वैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "बंद पडलं का रे?" मी म्हटलं, "नाही आजी, चालू आहे." ती कॅबिनेटजवळ आली, हात लावून बघितला. काही बोलली नाही. आत गेली आणि आपली उशी घेऊन आली.

आज माझ्या टेबलावरच्या मशीनचा आवाज जवळपास येत नाही. २०२० पासूनच्या एम-१ मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. म्हणजे सुखांत गोष्ट, नाही का?

तेवढं सोपं नाही. २०२३ चा कोअर आय-९ १४९००के जोरात असताना २५३ वॅटपर्यंत जातो. प्रेस्कॉटच्या अडीच पट. आणि माझं मशीन शांत आहे त्याचं एक कारण हेही आहे की माझे बिल्ड आता त्यावर होतच नाहीत. ते कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये होतात. २०२४ मध्ये एनव्हिडियाने दाखवलेली एआयसाठीची ७२ चिपची एक रॅक घ्या. वीज सुमारे १२० किलोवॅट, आणि थंड करायला परत पाण्याच्या नळ्या. ११५ किलोवॅटचं क्रे-१ आठवलं? आपण बरोब्बर तिथेच आलोय, फक्त ते जगात मोजके होते आणि या रॅक एकेका इमारतीत ओळीने उभ्या असतात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या प्रिन्स विल्यम काऊंटीत लोक डेटा सेंटरच्या कूलिंगच्या घरघरीने झोप लागत नाही म्हणून तक्रारी करतायत. झोपायची खोली बदलून बघणारे तिथेही असतीलच.

मी रोज ज्या सर्व्हिसचा कोड लिहितो ती कुठल्या इमारतीत चालते, मला माहीत नाही. पण परवापासून एक केलंय. आमची एक बॅच जॉब दर पाच मिनिटांनी उगाच सगळं परत मोजत होती, बदल झालेला असो वा नसो. ती दुरुस्त केली. मॅनेजरने विचारलं, याने बिल कितीने कमी होईल? आकडा सांगितला, त्याला तो फार मोठा वाटला नाही.

हीटसिंक मात्र माळ्यावर परत टाकला नाही. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. सध्या तो टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.